अस्वलदऱ्यातली पेटी

अस्वलदऱ्यातून एक पेटी आणायची होती, आणि ती शुक्रवारीच आणायची होती. पेटी कसली, तर शाळकरी दप्तराएवढा राखाडी पत्र्याचा डबा, आठ बोल्टांनी कातळाला आवळलेला. पण तिच्या पोटात गोधनी नदीच्या तीन पावसाळ्यांची नोंद होती. दर पंधरा मिनिटांनी पाणी किती चढलं, किती उतरलं, सगळं! जूनमध्ये जवळच वीज पडली आणि पेटीची बिनतारी यंत्रणा मुकी झाली. त्यामुळे आतले आकडे हवे असतील तर माणसानंच तिथवर जाणं भाग होतं.

गोधनी ही दोन राज्यांची नदी. ती मध्य प्रदेशात उगम पावते, तिथल्याच चिचखेड्याच्या धरणात अडते, मग अस्वलदऱ्याच्या चिंचोळ्या फटीतून डोंगर उतरते आणि आर्वीच्या अलीकडे खैरवाडा आणि पारडी या दोन गावांच्या मधून वाहत पुढे वर्धा नदीला मिळते. दोन-तीन वर्षांआड ती या गावांत शिरते आणि भांडण सुरू होतं. खालचे म्हणतात, वरच्यांनी न सांगता पाणी सोडलं. वरचे म्हणतात, आम्ही सांगूनच सोडतो, आणि तुमचं गाव बुडतं ते तुमच्या पावसानं, आमच्या पाण्यानं नाही. सोमवारी दोन्हीकडचे अधिकारी एका टेबलाशी बसणार होते. पुराची सूचना कोणी, कुणाला, किती तास आधी द्यायची याचा करार व्हायचा होता. वरच्यांनी एकच अट घातली होती, आकडे दाखवा.

आकडे पेटीत होते. शनिवारपासून मुसळधार पावसाचा इशारा होता. म्हणजे राहिला शुक्रवार, आणि शुक्रवारी नेमका पोळा!

भावना मून हिला पोळ्याचं फारसं देणंघेणं नव्हतं. तिचे वडील आर्वीच्या एसटी डेपोत कारकून होते, घरी बैल कधी नव्हतेच. चौतिसाव्या वर्षी ती नद्यांची इंजिनियर होती आणि पेटी तिनं स्वतःच्या हातानं बसवली होती. पण तिच्याबरोबर निघालेल्या रूपराव राऊतांची गोष्ट वेगळी होती. बासष्ट वर्षांचा हा माणूस पारडीच्या पुलाजवळची मोजपट्टी वीस वर्षं वाचत आला होता. धरणावरून येणारा फोनही तेच घेत आणि डायरीत लिहून ठेवत. पोळ्याच्या दिवशी ढाण्या आणि कबऱ्या ही आपली बैलजोडी बायकोच्या हवाली करून ते जंगलात चालले होते, आणि आनंदाबाईंनी त्यांना निघताना चहासुद्धा विचारला नव्हता.

"अठरा वर्सात पोळा कधी चुकला नाई माहा," वनविभागाच्या नाक्यापाशी जीपमधून उतरताना रूपराव म्हणाले. "यंदा तुमच्या डब्यापाई बायकोनं तोंड फिरवलं."

"संध्याकाळी पाचपर्यंत पोचवते तुम्हाले, काका. पोळा फुटायच्या आत," भावना म्हणाली. "वरून फोन आलता का?"

"आलता ना. गुरुवारी, म्हंजे काल सांजच्याले. आवाज तुटून राह्यलता, पन लिवून घेतलं." त्यांनी खिशातून डायरी काढून पान उघडलं. गुरुवारच्या तारखेखाली टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: चिचखेडा. काल दु. १ वा. दोन दारं, दीड मीटर.

गुरुवारच्या पानावरचा काल म्हणजे बुधवार. भावनानं मनातल्या मनात पाण्याचा प्रवास मोजला. धरणापासून दऱ्यापर्यंत दीड तास, दऱ्यापासून गावापर्यंत आणखी अडीच. बुधवारी एकला सोडलेलं पाणी बुधवारी पाचलाच खाली पोचलं असणार.

"बुधवारी नदी चढलती का?"

"रातच्याले हातभर चढलती. थेच असंन."

दोन दारांचं पाणी आणि फक्त हातभर? भावनाला क्षणभर ते खटकलं. पण आभाळ उघडं होतं, घड्याळात दहा वाजले होते आणि आपल्याला हवं ते पटवून घ्यायला माणसाला फार वेळ लागत नाही. तिनं डायरी परत दिली आणि पाठीवर सॅक चढवली.

नाक्यावर तिसरा गडी वाट पाहत उभा होता. चंदन उइके, दऱ्याच्या वरच्या अंगाच्या वाडीतला, चाळिशीचा, मध काढण्यात आयुष्य गेलेला. खांद्यावर दोराचं वेटोळं, कमरेला कोयता, तोंडात हिंदी आणि मराठीची खिचडी. दऱ्यात उतरायची वाट त्याच्याइतकी कोणालाच माहीत नव्हती.

पहिले दोन तास मजेत गेले. साग पानांनी जड झाला होता आणि खाली घाणेरीची झुडपं माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. वाट अशी नव्हतीच. चंदन कोयत्यानं ती पाडत जायचा, मागून भावना, तिच्यामागे रूपराव एका काठीच्या आधारानं. ओढे तीन लागले. पहिला घोट्याएवढा, दुसरा मांडीएवढा, आणि तिसऱ्यात भावनाचा पाय शेवाळावरून असा सटकला की ती सॅकसकट बसलीच. रूपरावांनी तिला हात दिला आणि इंजिनियर बाईंनी नदीची खोली बसून मोजल्याबद्दल अभिनंदन केलं.

एक वाजून दहा मिनिटांनी ते दऱ्याच्या तोंडाशी आले. अस्वलदरा म्हणजे काळ्या कातळातली उभी चीर, दहा-बारा माणसं हात धरून उभी राहिली तर भरून जावी एवढीच रुंद. तळाशी गोधनी दगडांवरून खळाळत होती. पेटी होती समोरच्या भिंतीवर. चंदननं एका झाडाला दोर बांधला, दगडांवरून उड्या टाकत पलीकडे गेला आणि दुसरं टोक तिकडच्या खडकाला आवळलं. दोर धरून तिघंही पलीकडे पोचले तेव्हा पाणी गुडघ्याच्या वर नव्हतं.

भावना पान्हा घेऊन पेटीला भिडली. तीन वर्षांचा गंज! पहिला बोल्ट सुटायला दहा मिनिटं लागली. दुसरा, तिसरा जरा लवकर. चौथ्याला तिनं तेल पाजलं, पाचव्याला शिव्या घातल्या. सहावा फिरला तेव्हा दोनला दहा कमी होते. दोनच राहिले होते. तिनं कपाळावरचा घाम पुसला आणि सोमवारची बैठक तिच्या डोळ्यांपुढे आली. तो वरचा साहेब चष्मा पुसत आकडे वाचतोय आणि त्याला बोलायला काही उरलेलं नाही, असं काहीसं.

"बाई," रूपराव म्हणाले. इतका वेळ ते एका खडकावर नुसते बसून होते. "हे पाहा जरा."

"काय काका?"

"कोळिष्टकं."

भावनानं वळून पाहिलं. पाण्यापासून गुडघाभर उंचीवर कातळाच्या कपारीत कोळ्याची जाळी होती. जुनी, धुळीनं भरलेली, माशांच्या पंखांसकट. त्याखाली वाळलेला पाला साचला होता आणि पाल्यातून मुंग्यांची रांग चालली होती.

"एका दाराचं पानी सुटलं तं या दऱ्यात कंबरेएवढं चढते. म्या पाह्यलं हाय," रूपराव सावकाश म्हणाले. "परवा दोन दारं सोडली, तं हे जाळं इथं कसं? मुंग्या कशा?"

"मग पाणी सोडलंच नसेल."

"फोन तं आलता. म्या कानानं आयकला. कल एक बजे, दो गेट, असं बोलला थो."

उरलेला दोर गुंडाळत बसलेला चंदन थांबला. "कल बोला?"

"हाव. कल. म्हनूनच काल लिवलं."

"भाऊजी," चंदन म्हणाला, "हमारे यहाँ कल दोनों को बोलते हैं. जो गया वो भी कल, जो आनेवाला है वो भी कल."

रूपरावांनी डायरी काढली, ते पान पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. फोन गुरुवारी आला होता. गुरुवारचा येणारा कल म्हणजे शुक्रवार. आज! आणि एक वाजून तर गेला होता.

भावनाचे कान तापले. चूक रूपरावांची एकट्यांची नव्हतीच. नेपाळच्या सीमेवर तिनं तीन वर्षं हेच काम केलं होतं. पलीकडचा मोजणारा नेपाळी बोलायचा, अलीकडचा मैथिली, आणि मधे दोन देशांची हद्द. एकमेकांची भाषा कळत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून तिथं नियम होता. ऐकणाऱ्यानं ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, वार आणि तारखेसकट, आणि सांगणाऱ्यानं हो म्हटल्यावरच फोन ठेवायचा. इथं तिनं तो नियम लावला नाही. हिंदी काय, सगळ्यांना येते, असं तिला वाटलं होतं! परक्या देशाशी बोलताना घेतली तेवढी काळजी तिनं शेजाऱ्याशी बोलताना घेतली नव्हती.

"पाच वाजता पाणी गावात," ती म्हणाली.

"पाच वाजता पोळा पटांगनात," रूपराव म्हणाले.

हे पटांगण म्हणजे नदीच्या दोन धारांमधला सखल गवताळ तुकडा. मारुती तिथं, तोरण तिथं. खैरवाड्याचे एका रपट्यावरून, म्हणजे नदीतल्या बुटक्या फरशीपुलावरून, यायचे, पारडीचे दुसऱ्या रपट्यावरून, आणि दोन्ही गावांचा पोळा एकाच तोरणाखाली फुटायचा, म्हणजे बैल तोरणातून सुटून घरोघर निघायचे. दोन्हीकडची हजारभर माणसं, कडेवरची लेकरं, सजवलेले बैल, आणि बाहेर पडायला घोटाभर पाण्याचे दोन रपटे. त्या गर्दीत आनंदाबाई होत्या, एका हातात ढाण्याचा कासरा आणि दुसऱ्या हातात कबऱ्याचा.

"फोन कुठं लागंन?" भावनानं विचारलं.

"टॉवर टेकाडावर. इथून डेढ घंटा चढाई," चंदन म्हणाला.

भावनानं पेटीकडे पाहिलं. दोन बोल्ट. वीस मिनिटं, कदाचित पंधरा. तीन वर्षं. तिनं पान्हा सातव्या बोल्टाला लावलासुद्धा. रूपराव उठून उभे राहिले, काठी घट्ट धरून, आणि खालच्या दिशेला, गावाकडे पाहत राहिले. भावनाला त्या माणसाच्या पाठीकडे पाहवेना. तिनं पान्हा खडकावर टाकला.

"चला!"

पण पाणी घड्याळ पाहून चालत नाही. बुधवारी नदी हातभर चढली ती पावसानंच; तिचं पात्र अजून ओलं आणि वाहतं होतं आणि अशा पात्रात धरणाचं पाणी दीड तास घेत नाही. चंदन पलीकडे पोचला. भावना मध्यावर आली. आणि वरच्या वळणाकडून घरघर ऐकू आली, गिरणी सुरू झाल्यासारखी.

"पानी!" चंदन ओरडला. "भागो!"

दगड दिसेनासे झाले. पाणी गढूळ झालं, मग लाल. मांडी! कंबर! भावनानं दोर काखेत घेतला आणि पाय उचलत, टाकत, उचलत पुढे रेटले. चंदननं तिची सॅक पकडून तिला बाहेर ओढलं. मागे रूपराव होते. एक ओंडका वाहत आला, त्यांच्या मांडीवर आदळला आणि म्हाताऱ्याचे पाय उपटले! ते दोराला लोंबकळले, पाण्यात आडवे, डोकं एकदा वर, एकदा खाली.

"सोडू नोका काका!"

चंदन पुन्हा पाण्यात शिरला. एक हात दोरावर, एक हात रूपरावांच्या कॉलरला. भावनानं झाडाला पाय लावून चंदनचा पट्टा धरला आणि खेचलं. काही सरकेना. पुन्हा खेचलं. कॉलर फाटली! चंदननं दंड पकडला. तिसऱ्या हिसड्याला तिघंही एकमेकांवर काठावर येऊन पडले. दोर ताणला, करकरला आणि तुटून पाण्याबरोबर गेला.

रूपराव खोकत उठून बसले. "काठी गेली," ते म्हणाले. एवढंच. मांडीवर भलं मोठं काळंनिळं आलं होतं. त्यांना मागे ठेवून पुढे जावं का, असं भावनानं विचारायला तोंड उघडलं तर ते तिच्या आधी चढायला लागले होते.

चढ खडा होता. ओली माती, सुटे दगड, धरायला कुठं बांबू तर कुठं काटेरी फांदी. रूपरावांना मधे घेऊन चंदन पुढून ओढत होता आणि भावना मागून ढकलत होती. अर्ध्यावर चंदन एकदम खाली बसला आणि त्यानं पंजा उघडून मागे दाखवला. वीस पावलांवर, वाटेतच, एक अस्वल वारूळ उकरत होतं. पाठीवर दोन पिल्लं.

पिल्लावाली अस्वलीण वाघापेक्षा वाईट. ती नाकपुड्यांनी माती ओढत होती, फुर्र फुर्र आवाज करत होती आणि तिला अजिबात घाई नव्हती. भावना घड्याळाकडे पाहत पडून राहिली. तीन मिनिटं. पाच. आठ. गावात एव्हाना बैलांच्या शिंगांना रंग लावून झाला असेल, झुली चढल्या असतील. दहा मिनिटं! शेवटी वारा फिरला, अस्वलिणीनं मान वर केली, माणसाचा वास घेतला आणि नाराज होऊन ती झुडपात निघून गेली. तिला नावं ठेवायला कोणाकडे वेळ नव्हता.

तीन पंचेचाळीसला ते टेकाडावर पोचले. भावनानं प्लास्टिकच्या पिशवीतून फोन काढला. दोन काड्या! तिनं खैरवाड्याच्या सरपंच छाया ठोंबरे यांना फोन लावला. रिंग गेली, वाजत राहिली, बंद झाली. पुन्हा. पुन्हा. सात वेळा लावला.

"कोनी उचलनार नाई," रूपराव म्हणाले. "यंदा डीजे आनला पोट्ट्याइनं. मारुतीजवळच्या खांबावर आकडा टाकून. कानाशी तोफ सुटली तरी आयकू येनार नाई."

"आनंदाकाकू?"

"तिचा फोन घरी, तांदळाच्या कोठीत. पान्यात भिजंन म्हनून."

आर्वीला तहसीलमध्ये फोन लागला. तिथल्या माणसानं सगळं नीट लिहून घेतलं आणि गाडी पाठवतो म्हणाला. गाडी पोचायला तासाच्या वर लागणार हे दोघांनाही माहीत होतं. भावना टेकाडावर उभी राहून दूर खाली पाहत होती. झाडांमागे कुठेतरी ते पटांगण होतं. तिच्या हातात चालू फोन होता, माहिती खरी होती, वेळही तासभर शिल्लक होता, आणि ऐकायला कोणी नव्हतं. रडू यायला एवढं पुरतं.

रूपराव दगडावर बसून मांडी चोळत होते. अचानक ते थांबले. "बाई, प्रभाकररावाले लावा."

"कोण प्रभाकरराव?"

"वायरमन! सबस्टेशनवर बसते. थ्याचा फोन उचलनं म्हंजे नोकरीच हाय."

प्रभाकररावांनी पहिल्या रिंगला उचलला. रूपरावांनी फोन ओढूनच घेतला.

"प्रभाकरराव, मी रूपराव. खैरवाडा-पारडीची लाईन बंद करा. आत्ता!"

"आज? पोळ्याच्या दिवशी?" पलीकडून आवाज आला. "गाव मले जोड्यानं मारंन, भाऊ."

"मारू द्या. पन जित्तं राहून मारू द्या! चिचखेड्याचं पानी सुटलं. पाच वाजता पटांगन बुडते. लाईन गेली का डीजे बंद पडंन, अन् लाईन गेली का पयला फोन कोनाले लावतेत लोकं?"

"मले," प्रभाकरराव म्हणाले.

"मंग? जो कोनी शिव्या द्याले फोन करंन, थ्याले सांगजा. पानी येऊन राह्यलं. बैल घेऊन वर निंघा. जो काठ जवळ पडंन तिकडं!"

"आता हे परत म्हणून दाखवा म्हणावं त्यांना," भावना म्हणाली.

रूपरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "प्रभाकरराव, काय सांगतलं म्या? बोला बरं." पलीकडच्या माणसानं सगळं जसंच्या तसं म्हटलं. आज, शुक्रवार, पाच वाजता.

तीन वाजून चोपन्न मिनिटांनी लाईन गेली. पुढच्या पंधरा मिनिटांत प्रभाकररावांना एकेचाळीस फोन आले. लाईन गेल्यावर वायरमनचं कूळ उद्धरण्यात या दोन गावांइतकं तत्पर गाव तालुक्यात नाही, आणि त्या दिवशी ही खोड कामाला आली. शिवी तोंडात घेऊन फोन लावणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर मिळत होतं. बाविसावा फोन खुद्द सरपंच छायाताईंचा होता. त्यांनी ऐकलं, मारुतीच्या ओट्यावर चढल्या आणि डीजे नसल्यानं त्यांचा आवाज शेवटच्या बैलापर्यंत पोचला.

सव्वाचारला भावनाचा फोन वाजला. "निघून राह्यलो," छायाताई धापा टाकत म्हणाल्या. "अर्धे इकडं, अर्धे तिकडं. पन मूनबाई, पानी नाई आलं तं मले गावात तोंड दाखवाले जागा राहनार नाई बरं!"

"येणार," भावना म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच पूर यावा असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्याची तिला लगेच लाजही वाटली.

टेकाडावरून जीपपर्यंतची उतरण रूपरावांनी चंदनच्या खांद्यावर भार टाकून पार केली. खैरवाड्यात जीप पोचली तेव्हा सहा वाजायला आले होते. गाव शाळेच्या मैदानात गोळा झालं होतं. भावना धावतच काठाशी गेली. पाणी आलं होतं! पाचलाही दहा मिनिटं होती तेव्हाच आलं होतं. दोन धारांची एक धार झाली होती. रपटे गेले होते, तोरणाचे खांब गेले होते, आणि मारुतीच्या देवळाचा कळस तेवढा पाण्याबाहेर होता. जिथे बैल उभे राहायचे तिथून मोठमोठी झाडं वाहत चालली होती.

पेटीही गेली असणार. सोमवारी ती रिकाम्या हातानं जाणार होती आणि वरचा साहेब आकडे मागणार होता. तिला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण काय मागायचं ते तिचं ठरलं होतं. सूचना दिली, एवढी नोंद पुरणार नाही. खालच्यानं ती परत म्हणून दाखवली, ही नोंद हवी. त्यासाठी तीन पावसाळ्यांचे आकडे लागत नव्हते.

"बाई," रूपराव मागून म्हणाले, "तुमच्या रिपोर्टात माह्यं नाव लिवा. चूक म्या केली."

"लिहीन. खाली माझंही लिहीन," भावना म्हणाली. "आणि लाईन कोणाच्या डोक्यातून बंद झाली तेही लिहीन."

तेवढ्यात छायाताई हातात कागद घेऊन आल्या. पोळ्यात कुणाच्या किती जोड्या याची यादी दरवर्षी होतेच. खैरवाड्याच्या सेहेचाळीस, पारडीच्या एकतीस. धावपळीत जो तो जवळच्या काठाला पळाला होता, त्यामुळे गावं सरमिसळ झाली होती. छायाताई इकडच्या मोजत होत्या आणि फोनवर पारडीचा पोलीस पाटील तिकडच्या. माणसं घरोघर मोजून झाली होती, सगळी होती. फक्त ज्यांच्या घरी कोणी एकटंच, त्यांची खात्री जोडीवरूनच व्हायची राहिली होती.

"इकडं एकोणपन्नास," छायाताई म्हणाल्या.

"इकडं सत्तावीस," फोनमधून आवाज आला. "त्यात रूपरावभाऊची जोडी हाय. आनंदावहिनी बी हायेत. बोलू द्या म्हनून राह्यल्या."

रूपरावांनी फोन घेतला. पलीकडून आनंदाबाईंचा आवाज सगळ्यांनी ऐकला, कारण त्या फोनवरही शेताच्या दुसऱ्या टोकाला हाक मारल्यासारख्याच बोलत. "जित्ते हा न तुमी? बैलाइले काई झालं नाई. मी पन बरी हाय. सकाळी च्या नाई देल्ला, थे मनावर घेऊ नोका." रूपराव हो म्हणाले, मग पाठ करून उभे राहिले.

भावना मात्र बेरीज करत होती. एकोणपन्नास आणि सत्तावीस, शहात्तर. हव्या होत्या सत्त्याहत्तर. तिनं पुन्हा बेरीज केली. छायाताईंनी पुन्हा मोजलं. एकोणपन्नासच! मैदानातला गलका विझत गेला. पारडीवाल्यानं पुन्हा मोजलं. सत्तावीसच! एक जोडी नव्हती, आणि जोडीबरोबर कासरा धरणारं माणूस असतंच.

"कोण नाही? नावं वाचा," भावना म्हणाली. छायाताई एकेक नाव वाचू लागल्या आणि इकडून किंवा फोनमधून हाय, हाय अशी उत्तरं येऊ लागली. एकोणचाळिसाव्या नावाला कोणीच बोललं नाही.

"कमलाबाई नगराळे," छायाताईंनी दुसऱ्यांदा वाचलं. म्हातारी एकटीच राहत होती. यंदा मानाच्या जोडीचा, म्हणजे तोरणाखालून सर्वांत आधी जायचा, मान तिच्याकडून दुसऱ्या घरी गेला होता आणि तो छायाताईंनीच दिला होता. "मी पाह्यलंच नाई तिले आज. माय, मी पाह्यलंच नाई!"

शाळेमागच्या गल्लीतून घुंगरांचा आवाज आला. कमलाबाई नगराळे दोन बैल घेऊन हळूहळू येत होत्या. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, सगळं जागच्या जागी.

"मी नाई आली खाली," त्या मैदानाच्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या. "मान नाई तं पोळा नाई, म्हनून घरीच बसली होती. आता पोळाच माह्या दारात आला, तं काय करू? आली." मग सगळे आपल्याकडेच पाहतायत हे त्यांच्या लक्षात आलं. "काऊन? काय झालं?"

आधी कोणी तरी हसलं. मग छायाताई रडायला लागल्या आणि त्यांनी जाऊन त्या म्हातारीला मिठी मारली. भावनानं फोन तोंडाशी नेला आणि पलीकडच्या काठाला आकडा सांगितला. पारडीवाल्यानं तो परत म्हणून दाखवला. सत्त्याहत्तर.

पलीकडच्या काठावरून डफड्याचा आवाज आला. इकडच्या पोरांनी दोन बांबू उभे करून त्यावर आंब्याच्या पानांची दोरी बांधली होती. पलीकडून एकानं झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हटली, ती पुरावरून कशीबशी ऐकू आली, आणि इकडच्यांनी ओरडून उत्तर दिलं. मानाची जोडी कोणाची याचा प्रश्न कोणी काढला नाही. सर्वांत पुढे कमलाबाई उभ्या होत्या. सहा वाजून वीस मिनिटांनी, मधे वाहत्या गोधनीच्या दोन्ही काठांवर, एकाच वेळी पोळा फुटला!